बंगल्याला 'वर्षा' नाव दिलेल्या वकील मुख्यमंत्र्याच्या वाट्याला बहात्तरचा दुष्काळ आला

सोलापूर जिल्ह्यात सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही माणसासमोर नुसतं 'बहात्तर' म्हणून बघा. साल सांगावं लागत नाही, दुष्काळ हा शब्दही उच्चारावा लागत नाही. सांगोला असो, मंगळवेढा असो की करमाळा, पुढच्या गोष्टी आपोआप सुरू होतात. रस्त्याच्या कडेला बसून फोडलेली खडी, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो आणि दावणीला उरलेली रिकामी खुंटी.

त्या वर्षी राज्याच्या मुख्यमंत्रीपदावर जो माणूस होता, त्याने आपल्या राहत्या बंगल्याला हौसेने नाव दिलं होतं, 'वर्षा'.

आज टीव्हीवर रोज ज्या 'वर्षा' बंगल्याचं नाव ऐकतो, तोच हा बंगला. नाव देणारे होते वसंतराव फुलसिंग नाईक. ११ वर्षं आणि अडीच महिने सलग मुख्यमंत्री राहण्याचा महाराष्ट्रातला विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. तोंडात पाईप, अंगात कडक सूट, शिकारीचा शौक आणि डोक्यात सतत शेती, अशी त्यांची ओळख सांगितली जाते.

पण त्यांची एक ओळख जरा मागे पडते. हा माणूस पेशाने वकील होता. आणि दुष्काळात सरकारने गरिबाला द्यायचं काम ही मेहरबानी की हक्क, हा वकिली प्रश्न त्यांच्याच कारकिर्दीत महाराष्ट्रासमोर आला.

तांड्यावरचा मुलगा कोर्टात पोचला

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ चा. गाव गहुली, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. घराणं बंजारा समाजातलं. पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा हा समाज. रेल्वे आली आणि त्यांचा धंदाच बसला. मग कुठे शेती, कुठे मजुरी, असं करत तांडे स्थिरावले.

त्यात भर म्हणून इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. जन्माला आलात म्हणजेच गुन्हेगार, असा तो कायदा. बंजारा समाजावरही काही भागांत हा शिक्का बसला होता. सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शहरातला 'सेटलमेंट' भाग हा त्याच कायद्याची खूण आहे. तिथे अनेक जमातींची माणसं तारेच्या कुंपणाआड ठेवलेली होती. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी.

वसंतरावांचं घर मात्र तांड्यातलं मानाचं होतं. वडील फुलसिंग हे तांड्याचे नाईक. नाईक म्हणजे नुसता पुढारी नाही. तांड्यावरची भांडणं, वाटण्या, लग्नाचे तंटे या सगळ्याचा निवाडा नाईकाच्या पुढ्यात होतो. बंजारा समाजात या न्यायपंचायतीला 'नसाब' म्हणतात. दोन्ही बाजू ऐकायच्या, मगच निकाल द्यायचा, हे वसंतरावांनी कॉलेजच्या आधी घरातच पाहिलं होतं.

पुढे शिक्षणासाठी ते नागपूरला आले. मॉरिस कॉलेजमधून पदवी घेतली, मग १९४० मध्ये कायद्याची परीक्षा पास झाले. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली त्यांनी वकिलीची सुरुवात केली. हेच पंजाबराव पुढे केंद्रात कृषिमंत्री झाले. वकिली आणि शेतकऱ्यांचं राजकारण यांची सांगड कशी घालायची, हे वसंतरावांना त्यांच्याकडे जवळून बघायला मिळालं.

नंतर त्यांनी पुसदला स्वतःची वकिली सुरू केली. पक्षकार म्हणजे बहुतेक आसपासचे शेतकरी आणि तांड्यावरची माणसं. कागद वाचता येत नाही म्हणून जमीन जाते, हे एखाद्या वकिलाला पुसदसारख्या गावात जितकं दिसतं तितकं दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

मधल्या काळात, १९४१ मध्ये, त्यांनी नागपूरच्या वत्सलाताई घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगा बंजारा, मुलगी ब्राह्मण. त्या काळात हे लग्न म्हणजे दोन्ही समाजांना धक्का होता आणि दोन्हीकडून विरोध झाला. पण संसार टिकला, आणि वत्सलाताई स्वतः सार्वजनिक कामात उतरल्या.

नगराध्यक्ष ते महसूलमंत्री

१९४६ मध्ये वसंतराव पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आमदार झाले. ज्या वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदा गेला, त्याच वर्षी तांड्यावरचा हा वकील विधानसभेत बसला.

तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात त्यांना महसूल खात्याचं उपमंत्रीपद मिळालं. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि वसंतराव मुंबईला आले. आधी सहकार, मग कृषी खातं त्यांच्याकडे आलं.

'वर्षा'चा किस्सा याच काळातला. मलबार हिलवर त्यांना जो बंगला मिळाला त्याचं नाव होतं 'डग बीगन'. पावसावर जीव असलेल्या या मंत्र्याने ते बदलून 'वर्षा' केलं. पुढे मुख्यमंत्री झाल्यावरही त्यांनी घर बदललं नाही. तेव्हापासून 'वर्षा' हा मुख्यमंत्र्यांचा बंगला झाला.

१९६० मध्ये महाराष्ट्र झाला, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि वसंतराव महसूलमंत्री. या काळात त्यांच्या हातून एक मोठं काम झालं. राज्यात पंचायत राज कसं असावं हे ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. एमपीएससी करणाऱ्या प्रत्येकाने पाठ केलेली ती 'वसंतराव नाईक समिती' हीच.

केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. नाईक समितीने सांगितलं की खरी ताकद जिल्हा परिषदेला द्या, कारण योजना आखायला आणि पैसा उभा करायला जिल्हा हाच नीट आकार आहे. जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेबाहेर ठेवा, आणि आमदार-खासदारांनाही. नाहीतर गावचे नवे पुढारी तयारच होणार नाहीत. १९६१ मध्ये तसा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून सोलापूरसह राज्यभर जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढच्या कित्येक मंत्र्यांचं राजकारण याच जिल्हा परिषदांतून सुरू झालं.

अचानक आलेलं मुख्यमंत्रीपद

१९६२ मध्ये चीनचं युद्ध पेटलं आणि यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या जागी आलेल्या मारोतराव कन्नमवारांचं वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ ला निधन झालं. ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव नाईकांनी शपथ घेतली.

ना त्यांच्या मागे साखर कारखान्यांची फौज होती, ना मोठी संख्या असलेली जात. पश्चिम महाराष्ट्रातल्या बड्या पुढाऱ्यांना तेव्हा वाटलं असेल की ही तात्पुरती सोय आहे. पण दोन्ही बाजू ऐकून घ्यायची, आवाज न चढवता निकाल द्यायचा, ही नाईकाच्या घरातली सवय इथे कामाला आली. १९६७ मध्ये काँग्रेसने २७० पैकी २०३ जागा जिंकल्या, १९७२ मध्ये २२२. पाच वर्षांची पूर्ण मुदत संपवणारे ते राज्याचे पहिले मुख्यमंत्री. त्यानंतर हे जमलं थेट २०१९ मध्ये, देवेंद्र फडणवीसांना.

त्यांच्या काळातलं सोलापूर बघायचं तर १ मे १९६४ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. उजनी धरणाचं काम सुरू झालं तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

हायब्रीडचा नाद

साठच्या दशकात देशात धान्याची टंचाई होती. अमेरिकेतून जहाजं यायची तेव्हा रेशन दुकानाचं दार उघडायचं. १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत वसंतरावांनी जाहीर करून टाकलं की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर द्या. वकिलाने एवढं बेसावध वाक्य बोलायला नको होतं, असं विरोधक पुढे त्यांना वारंवार ऐकवत राहिले.

त्यांचा भरवसा होता संकरित बियाण्यावर. १९६४ मध्ये ज्वारीचं पहिलं संकरित वाण 'सीएसएच-१' आलं होतं. कमी उंचीचं, लवकर येणारं आणि भरघोस कणीस देणारं. मुख्यमंत्री स्वतः बांधावर जाऊन हायब्रीडचा प्रचार करायचे. शेतकरी ते पेरायचा, पण भाकरीची चव काही जमेना. खरिपाच्या पावसात कणीस भिजलं की दाणा काळा पडायचा. 'हायब्रीड' हा शब्द मराठीत कमअस्सल गोष्टीसाठी चिकटला तो तेव्हापासून. तरीही पोट भरायला धान्य लागतं, आणि ते या वाणाने दिलं.

इथे सोलापूरची गोष्ट जरा वेगळी आहे. हे संकरित वाण खरिपाचं. आणि सोलापूर, मंगळवेढा म्हणजे रब्बी ज्वारीचं कोठार. इथल्या काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर मालदांडी येते. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेलं. त्यामुळे हायब्रीडची लाट आली, पण सोलापूरच्या रानात मालदांडीच उभी राहिली. याचा दुसरा अर्थ असा की परतीचा पाऊस चुकला की या जिल्ह्याकडे हायब्रीडचा आधारही नव्हता.

संशोधन मुंबईत बसून होत नाही, हे ओळखून वसंतरावांच्या सरकारने १९६८ ते १९७२ या काळात राज्यात चार कृषी विद्यापीठं उभी केली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. प्रत्येक विभागाची माती वेगळी, म्हणून विद्यापीठही वेगळं. सोलापूर आणि मोहोळ राहुरीच्या कक्षेत आले.

आणि मग पाऊसच आला नाही

१९७० पासून पाऊस हात आखडता घेत होता. १९७२ मध्ये त्याने साफ दगा दिला. सोलापूर, अहमदनगर, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, सांगली, साताऱ्याचा पूर्व भाग, पुणे. एकामागून एक जिल्हे कोरडे पडले. जुनी माणसं सांगतात की विहिरीत थोडंफार पाणी होतं, पण घरात दाणा नव्हता. पैसे असूनही धान्य मिळत नव्हतं.

सरकारने कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, बंडिंग. मे १९७३ मध्ये या कामांवर एका वेळी जवळपास ५० लाख माणसं होती. यात बायकांची संख्या मोठी होती. ज्या घरातल्या बाईने कधी उंबरा ओलांडला नव्हता, तीही डोक्यावर पाटी घेऊन उभी राहिली. जमीनदार आणि मजूर एकाच खडीच्या ढिगाजवळ बसले.

सगळं सुरळीत होतं असं अजिबात नाही. मजुरी तुटपुंजी, पगार लांबणारा, मोजमापात काटछाट. डाव्या पक्षांनी मोर्चे काढले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधात बायकांचे लाटणे मोर्चे काढून सरकारला जेरीला आणलं. पण एवढ्या मोठ्या दुष्काळात जी भूकबळींची लाट येईल अशी भीती होती, ती आली नाही. जगभरच्या अभ्यासकांनी पुढे महाराष्ट्राचं हे उदाहरण अभ्यासायला घेतलं.

दामाजीपंतांचं कोठार आणि वकिलाचा प्रश्न

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट सोलापुरात लहान मुलालाही माहीत असते. दुष्काळ पडला, लोक उपाशी मरायला लागले, आणि बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार दामाजीपंतांनी लोकांसाठी उघडलं. पैसे भरायला विठू महाराच्या रूपात साक्षात विठ्ठल धावून आला, म्हणून पंतांचा जीव वाचला.

गोष्ट गोड आहे. पण तिच्यात एक अडचण आहे. दामाजीपंत नसते तर? दुसरा एखादा अधिकारी असता आणि त्याने कोठाराला कुलूपच ठेवलं असतं, तर उपाशी माणसाने कोणाकडे दाद मागायची?

इंग्रजांनी दुष्काळ संहिता केली, खडी फोडायची कामं काढली. स्वातंत्र्यानंतरही पद्धत तीच राहिली. आधी पिकाची आणेवारी लावायची, ती ठरावीक रेषेखाली आली की टंचाई जाहीर करायची, मग कामं निघणार. म्हणजे माणूस उपाशी आहे की नाही हे कागद ठरवणार. आणेवारी जास्त लागली की काम नाही. सरकारने काम दिलं तर उपकार, नाही दिलं तर नशीब.

या पद्धतीला उत्तर सुचलं विठ्ठल सखाराम पागे यांना. पागे हे जुने स्वातंत्र्यसैनिक आणि विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, आपल्या विसापूर गावाकडे, एक प्रयोग केला. त्यातली कल्पना साधी होती. जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला सरकारने काम द्यायचं, आणि त्या कामातून पाणी अडवणारी, जमीन सुधारणारी मालमत्ता उभी करायची.

खजिन्यावर किती भार पडेल याचा अंदाज न येणारी ही कल्पना होती. कुठलाही मुख्यमंत्री ती गोड बोलून टाळू शकला असता. वसंतरावांनी ती उचलली. आधी मोजक्या भागांत करून पाहिली, आणि १९७२ मध्ये राज्यभर रोजगार हमी योजना आणली. दुष्काळी कामांच्या रेट्यात ती काही काळ मागे पडली, पण दुष्काळ ओसरल्यावर पुन्हा मार्गी लागली.

यातला 'हमी' हा शब्द महत्त्वाचा. हमी म्हणजे ज्यावर बोट ठेवून जाब विचारता येतो असा शब्द. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदाच केला. काम मागितल्यावर १५ दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता दिवसाला किमान १ रुपया, म्हणजे अगदीच मामुली. पण तो देणं म्हणजे सरकारने चूक कबूल करणं. आणेवारीची वाट बघायची गरज उरली नाही. दामाजीपंत असोत वा नसोत, कोठाराची एक किल्ली मजुराच्या हातात आली.

पैसा कुठून आणायचा, याचंही उत्तर शोधलं गेलं. १ एप्रिल १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर लागू झाला. शहरात कमावणाऱ्याने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी थोडा वाटा द्यायचा, आणि तितकीच भर सरकारने घालायची. आज तुमच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तोच हा प्रोफेशन टॅक्स.

पायउतार

मात्र हा कर लागू झाला तेव्हा वसंतराव मुख्यमंत्री नव्हते. काँग्रेस पक्षश्रेष्ठींनी महाराष्ट्रात बदल करायचं ठरवलं आणि २० फेब्रुवारी १९७५ ला त्यांची कारकीर्द संपली. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले.

त्यांच्या नावावर वादही होते. कम्युनिस्टांना शह द्यायला त्यांनी शिवसेनेला मोकळीक दिली, असा आरोप झाला. विरोधक शिवसेनेला 'वसंतसेना' म्हणून चिडवायचे. मुंबईत बॅकबे रेक्लेमेशनच्या भूखंडवाटपावरून टीका झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. विदर्भाचा माणूस इतकी वर्षं मुख्यमंत्री असून विदर्भ मागे का राहिला, हा प्रश्न तर आजही विचारला जातो. कापूस उत्पादकांसाठी त्यांच्या सरकारने आणलेली एकाधिकार खरेदी योजना पुढे तोट्यात रुतली.

१९७७ मध्ये देशभर काँग्रेसविरोधी वारं असताना ते वाशिममधून लोकसभेवर निवडून गेले. रोजगार हमीचा कायदा अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १८ ऑगस्ट १९७९ ला, सिंगापूरमध्ये वसंतरावांचं निधन झालं.

२००५ मध्ये केंद्राने ग्रामीण कुटुंबाला वर्षात १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हा समोर महाराष्ट्राचाच नमुना होता. १ जुलै हा वसंतरावांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून साजरा होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

सोलापूर जिल्ह्यात मात्र त्यांची आठवण पुतळ्यापेक्षा माळरानावर जास्त आहे. सांगोल्याकडे किंवा मंगळवेढ्याकडे जाताना गावाबाहेर एखादा जुना पाझर तलाव लागतो. कुणी बांधला म्हणून विचारलं तर गावातली म्हातारी माणसं मुख्यमंत्र्याचं नाव घेत नाहीत. ती सांगतात, बहात्तरला आम्ही बांधला. ते खरंच आहे. त्यांनी घाम गाळला आणि त्याची मजुरी घेतली, कुणाची भीक नाही.